‘नाशिकमधील एक उपनगर (५)’: वस्तीच्या नावापाशी अडलेले शब्दकोडे कसे सोडवावे

पुरवणीतले शब्दकोडे जवळपास भरत आलेले असते. समानार्थी शब्द, पुराणातली नावे, नद्या, फळे सगळे जागच्या जागी बसलेले असते आणि मग आडव्या शब्दांत ‘नाशिकमधील एक उपनगर (५)’ असा संकेत येतो. कंसातला आकडा म्हणजे उत्तराची घरे, म्हणजेच चौकोन. नाशिककराला पाच अक्षरी वस्त्या ढिगाने पाठ असतात. पहिली सुचेल ती लिहिली जाते, दोन घरे उभ्या शब्दांशी जुळतात, म्हणून ती पक्की धरली जाते. थोड्या वेळाने तोच कोपरा अडतो आणि खोडायचे काय हेच कळत नाही.

हा घोळ पुन्हा पुन्हा होतो, पण त्यामागची कारणे मोजकीच आहेत. माहिती कमी पडली असे फार क्वचित घडते. बहुतेक वेळा नावाच्या चुकीच्या टोकावर भरवसा ठेवलेला असतो. वस्तीच्या नावाला शेपूट असते: नगर, पूर, वाडी, गाव, रोड. हे शेपूट डझनभर नावांना सारखेच लागते. त्यामुळे शेपटातली घरे जुळली तरी नाव सिद्ध होत नाही. नाव ठरते ते डोक्याच्या दोन-तीन घरांवर.

मोजणीत एखादे घर कमी-जास्त पडते

मराठी कोड्यात एका चौकोनात एक अक्षर जाते, तेही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांच्यासकट. जोडाक्षर असेल तर ते अख्खे एकाच घरात बसते. नियम सगळ्यांना ठाऊक असतो, तरी वस्तीचे नाव आपण लिहितो कमी आणि बोलतो जास्त, म्हणून मोजणी कानाने होते आणि चुकते. म्हसरूळ चार घरांचे आहे: म्ह-स-रू-ळ. पाथर्डी तीनच घरांचे, पा-थ-र्डी, कारण रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. द्वारका तीन, भद्रकाली चार, आनंदवल्ली पाच, अशोकस्तंभ पाच (अ-शो-क-स्तं-भ), कॅनडा कॉर्नर सहा (कॅ-न-डा-कॉ-र्न-र).

पवननगर हे सिडकोतले, म्हणजे नवीन नाशिकमधले, नाव खास सांभाळायचे. पवन आणि नगर यांच्या सांध्यावर दोन ‘न’ शेजारी येतात. बोलताना एक गिळला जातो आणि लोक पाच घरे मोजतात. खरी घरे सहा: प-व-न-न-ग-र.

आद्याक्षरांच्या नावांनी तर हमखास फसगत होते. सीबीएस ऐकायला तीन अक्षरांचे, पण ‘एस’ला दोन घरे लागतात, म्हणून सी-बी-ए-स अशी चार. आरटीओ चार (आ-र-टी-ओ), एमआयडीसी सहा (ए-म-आ-य-डी-सी), एचएएल पाच (ए-च-ए-ए-ल). एबीबी सर्कलमधले एबीबी मात्र तीनच. सिडको आणि मेरी ही मुळात आद्याक्षरेच, पण शब्दासारखी उच्चारली जातात, त्यामुळे तिथे अडचण येत नाही: सिडको तीन, मेरी दोन. ‘दिंडोरी रोडवरील संशोधन संस्था (२)’ असे आले की मेरीच लिहायचे.

दोन शब्दांच्या नावात मधे घर सोडायचे नाही. जेल रोड चार, कॉलेज रोड पाच, गंगापूर रोड सहा, रविवार कारंजा सात. इथे एक हिशेब फार उपयोगी पडतो. मनातले नाव बरोबर वाटते आहे, पण घरे दोन जास्त आहेत? मग शेवटी रोड, नाका, चौक, फाटा, कॅम्प, गाव, पेठ यांतले काहीतरी असणार, कारण हे सगळे दोन-दोन घरांचे शब्द आहेत. वडाळा तीन, वडाळा नाका पाच. पाथर्डी तीन, पाथर्डी फाटा पाच. घरे तीन जास्त असतील तर नगर, कॉलनी, बाजार, सर्कल, कारंजा. पंचवटी चार आणि पंचवटी कारंजा सात, हे त्याचे सरळ उदाहरण. देवळाली गाव आणि देवळाली कॅम्प दोन्ही सहा घरांची आहेत. पहिली चार घरे तीच, फरक पाचव्या घरापासून: ‘गा’ की ‘कॅ’. संकेतात तोफखाना किंवा लष्कर असेल तर कॅम्प.

दोन घरे जुळतात, तरी नाव चुकते

हे मुख्य दुखणे आहे, म्हणून एक कोपरा जवळून पाहू. आडवा शब्द ‘नाशिकमधील एक उपनगर (५)’. त्याच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या घरातून उभे शब्द जातात.

आधी सुचतील ती पाच घरांची नावे समासात लिहून काढा: उपनगर, गांधीनगर, राणेनगर, लेखानगर, फुलेनगर, शरणपूर, कामटवाडे, विहितगाव, आनंदवल्ली, अमृतधाम, नाशिकरोड. चौकोनात अजून काहीही लिहायचे नाही.

पाचव्या घरातून खाली जाणारा शब्द ‘चांदी (३)’, म्हणजे रजत. पाचवे घर ‘र’. कामटवाडे, विहितगाव, आनंदवल्ली, अमृतधाम आणि नाशिकरोड गळाले. सहा उरली.

तिसऱ्या घरात वरून येऊन संपणारा शब्द ‘विष्णूचा पाचवा अवतार (३)’, म्हणजे वामन. तिसरे घर ‘न’. शरणपूरचे तिसरे अक्षर ‘ण’, तेही गेले.

आता दोन घरे पक्की आहेत, आणि तरीही पाच नावे शिल्लक आहेत: उपनगर, गांधीनगर, राणेनगर, लेखानगर, फुलेनगर. बहुतेकांची चूक होते ती नेमकी इथे. दोन घरे जुळली म्हणजे नाव मिळाले असे वाटते, पण जुळलेली दोन्ही घरे शेपटातली आहेत. या टप्प्यावर फक्त न-ग-र ही तीन घरे पेन्सिलीने भरावीत आणि पहिली दोन कोरी ठेवावीत.

पहिल्या घरातून खाली ‘पाणी (३)’ जाते. एरवी या संकेताला उदक, सलिल, जीवन अशी तीन उत्तरे सहज निघतात आणि तोही अडतो. पण आता पहिले अक्षर उ, गां, रा, ले, फु यांपैकीच हवे. त्यातून एकच शब्द निघतो, उदक, आणि वरचे नाव उपनगर ठरते. दोन अडलेले संकेत एकमेकांनी सोडवले. वस्तीच्या नावाची यादी अशी उलटी वापरता येते, आणि ती समासात उतरवून ठेवायचे खरे कारण हेच आहे.

उपनगर हे उत्तर सुटायला कठीण जाण्याचे आणखी एक कारण आहे. संकेतातला शब्द उत्तरात येत नाही असा दंडक चांगले कोडेकार पाळतात, त्यामुळे सोडवणारा हे नाव यादीतच घेत नाही. पण नाशिक-पुणे रस्त्यावर गांधीनगरच्या पुढे या नावाची वस्ती आहे, तिथले पोलीस ठाणेही उपनगर पोलीस ठाणेच. पाच घरे असली की हे नाव यादीत घ्यावेच. आमच्या मते ‘नाशिकरोडच्या वाटेवरची वस्ती’ असा संकेत देणे अधिक न्यायाचे झाले असते.

शेपटाप्रमाणे गट आणि त्यातले निर्णायक घर

सहा घरांचे नगर गट सगळ्यांत मोठे: इंदिरानगर, गोविंदनगर, महात्मानगर, उत्तमनगर, पवननगर, अशोकनगर, श्रमिकनगर. शेवटची तीन घरे सर्वांची सारखी. तिसरे घर मिळाले तर बहुतेक काम होते: रा, द, त्मा, म, न. अपवाद अशोकनगर आणि श्रमिकनगर. दोन्हींचे तिसरे अक्षर ‘क’, आणि दोन्ही सातपूर भागातलीच, म्हणून ‘सातपूरमधील कामगार वस्ती’ या संकेतानेही निवाडा होत नाही. इथे पहिले किंवा दुसरे घर मिळेपर्यंत थांबावे.

चार घरांच्या वाड्या चार: उंटवाडी, मोरवाडी, हिरावाडी, रामवाडी. प्राणी, पक्षी, रत्न आणि देव, म्हणून कोडेकारांना त्या आवडतात. ‘वाळवंटातले जनावर दडलेली वस्ती’ असे काहीसे येते. दुसरे घर ट, र, रा, म असे चारही ठिकाणी वेगळे आहे, पण ‘र’ आणि ‘रा’ यांत काना पाहून घ्या, तिथे मोरवाडीची हिरावाडी होते.

पूर गट लहान आहे. चार घरांत सातपूर आणि गंगापूर, पाच घरांत शरणपूर. सातपूर-गंगापूरमध्ये पहिली दोन्ही घरे वेगळी, त्यामुळे कुठलेही एक पुरते.

जुन्या नाशकातल्या बाजारपेठांचा गट मात्र उलटा वागतो. भद्रकाली, दहीपूल, मेनरोड, शालिमार, गंजमाळ ही पाचही चार घरांची, पण शेवटची अक्षरे ली, ल, ड, र, ळ अशी सगळी निराळी. ‘जुन्या नाशिकमधील गजबजलेला भाग (४)’ आला तर शेवटच्या घरातला उभा शब्द आधी सोडवा. ‘ल’ आणि ‘ळ’ यांची गल्लत एवढीच जपायची.

रामायणाशी जोडलेली चार घरांची नावे वेगळी पाठ करावीत, कारण सिंहस्थ जवळ आला की हे संकेत वाढतात: पंचवटी, तपोवन, रामकुंड, जनस्थान. सीतागुंफा, काळाराम मंदिर किंवा १९३० चा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह असा उल्लेख असेल तर पंचवटी. कपिला-गोदावरी संगम, शूर्पणखेचे नाक कापल्याची कथा, साधुग्राम यांपैकी काही असेल तर तपोवन. दशरथाचे श्राद्ध किंवा अस्थिविसर्जन असेल तर रामकुंड. जनस्थान हे शहराचेच जुने नाव, शिवाय कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या पुरस्काराचेही. तपोवन आणि जनस्थान दोन्ही ‘न’ने संपतात, म्हणून शेवटच्या घरावर विसंबू नये. तिसरे घर ‘व’ की ‘स्था’ ते पाहावे.

पुण्याच्या पेठांना हाच नियम लावून बघा. सोमवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार ही सहाही नावे चार घरांची, आणि शेवटी सगळीकडे ‘वार’. एकटे मंगळवार पाच घरांचे. म्हणून ‘पुण्यातील एक पेठ (५)’ हा संकेत सोपा आणि ‘(४)’ हा कठीण. तिथे पहिल्या दोन घरांपैकी एक मिळाल्याशिवाय लिहायचे नाही.

संकेतातला जागेचा प्रकार सांगणारा शब्द नीट वाचा

उपनगर, विभाग, गाव, वसाहत, पेठ, नाका हे शब्द कोडेकार सहसा विचार करून वापरतात. ‘महापालिकेचा विभाग’ असे असेल तर यादी एकदम सहावर येते: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक, सातपूर. यात घरांची गंमत अशी की प्रत्येक लांबीची दोनच नावे आहेत. चार घरे: पंचवटी किंवा सातपूर. पाच घरे: नाशिकरोड किंवा नाशिक पूर्व, आणि पहिली तीन घरे सारखी असल्याने चौथ्या घरात ‘रो’ की ‘पू’ ते बघायचे. सहा घरे: नवीन नाशिक किंवा नाशिक पश्चिम, आणि पहिल्याच घरात ‘न’ की ‘ना’ यावर निकाल.

‘औद्योगिक वसाहत’ असेल तर चार घरांत सातपूर, तीन घरांत अंबड. पाच घरे दिसली तर सिन्नरजवळचे मुसळगाव आठवावे.

‘मूळचे खेडे’, ‘शहरात सामावलेले गाव’ असा सूर असेल तर १९८२ साली झालेल्या महापालिकेकडे बघायचे. त्या वेळी नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर आणि भोवतालची खेडी एकत्र आली. म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी, दसक, पंचक, चेहेडी ही नावे त्या गटातली. भगूर मात्र यात नाही, त्याची नगरपालिका वेगळी आहे. ‘सावरकरांचे जन्मगाव (३)’ असे विचारले तर भगूर बरोबर, पण ‘नाशिक महापालिकेतील भाग (३)’ला भगूर भरू नये. देवळाली कॅम्पही कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे आहे, महापालिकेकडे नाही. ओझर आणि सिन्नर तर शहराबाहेरच.

नाव बसते, पण संकेत भलत्याच जिल्ह्याचा दिसतो

राज्यभर जाणाऱ्या आवृत्तीतले कोडे नाशिकसाठी बनवलेले नसते. आपल्या ओळखीची बरीच नावे इतरत्रही आहेत, आणि याचा फायदा घेता येतो. ‘जालना जिल्ह्यातील तालुका (३)’ म्हणजे अंबड. ‘अहिल्यानगर जिल्ह्यातील तालुका (३)’ला पाथर्डी चालते. ‘छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील तालुका (४)’ म्हणजे गंगापूर असू शकते. ‘श्रीकृष्णाची नगरी (३)’ द्वारका, ‘काश्मीरमधील मोगल बाग (४)’ शालिमार. वडाळा मुंबईतही आहे. नाशिकच्या नावांची वही हाताशी असली की असे संकेतही सुटतात. नाव कुठले आहे हे विसरून अक्षरे वापरायची.

मुंबईच्या नावांत उलट अडचण येते, कारण तोंडी एक आणि मराठी छापात दुसरे. वांद्रे आणि बांद्रा दोन्ही दोन घरांचे, त्यामुळे घरे मोजून काही कळत नाही. मराठी कोड्यात वांद्रे धरून चालावे. सायन तीन घरांचे, शीव दोन. घरे दोन असतील तर शीव.

जुने नाव, नवे नाव

सिडको (३) आणि नवीन नाशिक (६) एकच भाग. नासर्डी नदीला नंदिनीही म्हणतात, आणि दोन्ही तीन घरांची: ना-स-र्डी, नं-दि-नी. वाघाडी आणि वरुणा यांचेही तसेच. अशा जोडीत पहिले घर मिळेपर्यंत दोन्ही नावे समासात ठेवा.

शहराच्या जुन्या नावांची घरे अशी: त्रिकंटक चार, जनस्थान चार, पद्मनगर पाच, गुलशनाबाद सहा. ‘मोगल काळातील नाशिक (६)’ म्हणजे गुलशनाबाद. त्याची शेवटची दोन घरे ‘बा-द’ आणि मखमलाबादची शेवटची दोन घरेही ‘बा-द’, शिवाय लांबी तीच. ‘तलम कापड दडलेले उपनगर’ असे असेल तर मखमल, म्हणजे मखमलाबाद.

शुद्धलेखनामुळे उभा-आडवा जुळत नाही

‘पूर’ हे पद गावाच्या नावात दीर्घच लिहायचे, असा मराठीचा नियम आहे: सातपूर, गंगापूर, शरणपूर. भगूर, नांदूर, म्हसरूळ यांतही शेवटच्या अक्षराआधीचा उकार दीर्घ. दुकानांच्या पाट्यांवर ‘सातपुर’, ‘म्हसरुळ’ सर्रास दिसते, ते डोक्यात ठेवून उभा शब्द शोधला तर ‘पु’ने सुरू होणारे शब्द आठवत बसावे लागते आणि वेळ जातो. हिंदी पाट्यांवर ‘ळ’चा ‘ल’ होतो, त्याचाही परिणाम होतो. देवळालीचे तिसरे घर ‘ळा’ आहे.

कधी कधी मात्र सातपूरच्या ‘पू’मधून खरोखरच ‘पुरण’सारखा ऱ्हस्व शब्द जाताना दिसतो. तेव्हा आधी कोड्याच्या वर-खाली ‘ऱ्हस्व-दीर्घ भेद मानलेला नाही’ अशी सूचना आहे का ते शोधा. सूचना असेल तर प्रश्नच मिटला. नसेल, तर आडव्या नावाची बाकीची तीन घरे उभ्या शब्दांनी स्वतंत्रपणे सिद्ध झाली आहेत का ते तपासा. तिन्ही पक्की असतील तर कोडेकाराने सवलत घेतली असे धरून पुढे जावे. एखादे जरी कच्चे असेल तर नावच चुकले असण्याचा संभव जास्त.

दसक या नावाकडे नीट लक्ष द्या. ‘दहांचा गट’ म्हणजे दशक, आणि ‘पंचकच्या शेजारचे गाव’ म्हणजे दसक. दोन्ही तीन घरांचे, फरक फक्त मधल्या घरात. संकेतात गोदाकाठ किंवा जेल रोड असेल तर ‘स’. ‘नाशिक’ हे नावही काही वेळा जुन्या वळणाने ‘नासिक’ असे भरावे लागते, विशेषतः संकेतात नाक किंवा नासिका असेल तेव्हा. मधले घर ‘शि’ की ‘सि’, ते उभा शब्द सांगतो.

अनुस्वार घरासोबतच जातो. अंबडच्या पहिल्या घरातून खाली जाणारा शब्द ‘अं’नेच सुरू व्हायला हवा: अंगण, अंजन, अंबर. तिथे ‘अमर’ बसवून अनुस्वार पुसून टाकणे म्हणजे पुढच्या दोन चुकांची सोय करणे.

अख्खा कोपरा अडला तर काय खोडावे

सगळे खोडू नये. ज्या घरात आडवा आणि उभा दोन्ही शब्द स्वतंत्रपणे सुटले आहेत त्या घराच्या कोपऱ्यात बारीक टिंब द्या. टिंब नसलेली घरे संशयित. त्यातही क्रम असा: आधी वस्तीच्या नावाचे डोके, म्हणजे पहिली दोन-तीन घरे. त्यानंतर त्या घरांतून गेलेले समानार्थी शब्द, कारण ते नावाला जुळवून घेतलेले असतात. शेपटातली न-ग-र, वा-डी, पू-र ही घरे बहुधा बरोबर असतात, त्यांना शेवटी हात लावा.

डोके खोडल्यावर समासातली यादी पुन्हा वाचा आणि प्रत्येक नावाचे फक्त पहिले अक्षर उभ्या संकेताला लावून बघा. इंदिरानगर चालत नसेल तर गोविंदनगर, महात्मानगर, उत्तमनगर असे एकेक. अख्खे नाव लिहून पाहण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होते आणि कागदही फाटत नाही.

एवढे करूनही दोन नावे उरली आणि डोक्याच्या एकाही घरातून उभा शब्द जात नसेल, तर ती कोड्याची उणीव आहे. असे संकेत न्याय्य नसतात. तिथे डोके कोरे ठेवून बाकीचे पूर्ण करा आणि दुसऱ्या दिवशीच्या उत्तराशी ताडून पाहा. कोडे रचणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे की वस्तीच्या नावाच्या पहिल्या तीन घरांपैकी किमान एकातून उभा शब्द जाऊ द्यावा, नाहीतर संकेतात ओळख पटेल असा तपशील द्यावा. ‘नवश्या गणपतीचे ठिकाण (५)’ म्हटले की आनंदवल्ली निःसंशय ठरते, उभ्या शब्दाची गरजही पडत नाही.

मोबाइलवर कोडे सोडवताना वेगळाच त्रास होतो. हिंदी कळफलकावरून लिहिलेला ‘ड़’ (खाली टिंब असलेला) आणि मराठी ‘ड’ यंत्राला दोन वेगळी अक्षरे वाटतात. अंबड, आडगाव, उंटवाडी बरोबर लिहूनही लाल खूण येत असेल तर कळफलक मराठीवर आणून तेच अक्षर पुन्हा टाइप करा.

वही ठेवणार असाल तर ती अकारविल्हे नको, घरांप्रमाणे लावा. दोन घरांपासून सात घरांपर्यंत प्रत्येकाला दोन पाने. पानावर तीन रकाने: नाव घरे पाडून, शेवटचे अक्षर, आणि एका ओळीत ओळख. ओळखीत देऊळ, नदी, कारखाना, रस्ता, जुने नाव एवढेच लिहा. तीन घरांचे पान लवकर भरते: अंबड, सिडको, दसक, पंचक, टाकळी, वडाळा, द्वारका, पाथर्डी, नांदूर, चुंचाळे, चेहेडी, बिटको, निमाणी. त्याला आणखी एक पान राखून ठेवावे. दुसऱ्या दिवशी छापून आलेले उत्तर आपल्या यादीत नसेल तर ते त्याच दिवशी योग्य पानावर चढवा, आणि संकेताचे शब्द जसेच्या तसे शेजारी उतरवा, कारण तेच कोडेकार तोच संकेत थोडा फिरवून पुन्हा देतात.